एकट्या पालकाचे घर आणि शाळा

(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



चौथीच्या वर्गातील एक मुलगा आठवड्यातून तीन-चार वेळा उशिरा येतो. परिपाठ संपलेला असतो, हजेरी झालेली असते. गृहपाठाची वही कोरी असते आणि दुपारी तो बाकावर डोके ठेवून झोपतो. नव्यानेच बदलून आलेले गुरुजी त्याला दोनदा समजावून सांगतात, तिसऱ्या वेळी रागे भरतात आणि साऱ्या वर्गासमक्ष म्हणतात, “उद्या वडिलांना बरोबर आणल्याखेरीज वर्गात यायचे नाही.” वर्ग एकदम चिडीचूप होतो. त्या मुलाचे वडील गेल्या श्रावणात वारले, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते एकट्या गुरुजींना. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत येत नाही आणि तिसऱ्या दिवशीही येत नाही.

हा प्रसंग कोणा एका शाळेचा म्हणून सांगितलेला नाही. तो कोणत्याही गावी घडण्याजोगा आहे. गुरुजी दुष्ट नाहीत. ते कर्तव्यदक्ष आहेत, मुलाच्या हिताचीच त्यांना काळजी आहे. परंतु ज्या घरातून तो मुलगा येतो त्या घराची घडी कशी आहे, हे त्यांनी पाहिलेले नाही. घरात आई आणि वडील अशी दोन माणसे आहेत, एक कमावते व दुसरे मुलांकडे पाहते, असे गृहीत धरूनच शाळेचे बहुतेक नियम बेतलेले असतात. जेथे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या माथी येतात, तेथे मूल वाढविणे म्हणजे काय, आणि अशा घराला शाळा कोणत्या रीतीने उपयोगी पडू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एकट्या पालकाचे घर म्हटले की विधवा आईचे घर डोळ्यांसमोर येते. परंतु असे प्रकार अनेक आहेत. नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्या छळामुळे लेकरे घेऊन माहेरी परतलेली स्त्री असते. पत्नी निवर्तल्यावर मुलांसाठी पुन्हा लग्न न करणारा बाप असतो. कर्जबाजारीपणामुळे ज्या शेतकऱ्याने आपले जीवन संपविले, त्याच्यामागे राहिलेले कुटुंब असते. काही घरांत दोन्ही पालक हयात असूनही वर्षाचा मोठा भाग एकालाच घर चालवावे लागते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गेलेला बाप चैत्राच्या आसपास परततो, किंवा मुंबई-सुरतेकडे नोकरीस असलेला बाप सणासुदीपुरता गावी येतो. हजेरीपुस्तकात या सर्व मुलांच्या नावापुढे बापाचे नाव सारखेच लिहिलेले असते. त्या नावामागची माणसे मात्र निरनिराळ्या परिस्थितीत असतात.

अशा घरांत माया कमी असते, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकली पाहिजे. कमी पडतो तो वेळ आणि कमी पडतात ते हात. रोजंदारीवर जाणारी आई पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते, शेळीला चारा टाकते आणि खुरपणीला निघून जाते. दिवस वर येतो तेव्हा ती दुसऱ्याच्या बांधावर असते. धाकट्याला अंगणवाडीत पोचविणे, शेळी बांधणे आणि घराला कुलूप लावणे ही कामे दहा वर्षांच्या थोरल्यावर येतात. त्याच्या उशिराचे कारण बहुधा एवढेच असते. शाळेला तो आळस दिसतो, पण खरे म्हणजे तो मुलगा शाळेत येण्यापूर्वीच दोन तासांचे काम उरकून आलेला असतो.

दुसरी अडचण शिस्तीची. दोन पालकांच्या घरात एक रागावला तर दुसरा जवळ घेतो. मुलाला शिक्षाही मिळते आणि आसराही मिळतो. एकट्या पालकाला दोन्ही भूमिका एकाच तोंडाने पार पाडाव्या लागतात. सकाळी रागे भरलेली आईच रात्री कुरवाळते. यातून काही वेळा धरसोड होते. आज ज्या गोष्टीबद्दल मार मिळाला, तीच गोष्ट उद्या ‘बापावेगळे लेकरू’ म्हणून पोटात घातली जाते. मूल गोंधळते आणि मर्यादा कोठे आहे ते शोधू लागते. घरातले नियम थोडेच असावेत, परंतु जे असतील ते रोज तेच राहावेत, एवढी एक गोष्ट अशा पालकाच्या मनावर ठसविता आली तरी पुष्कळ काम होते. झोपण्याची वेळ, खोटे न बोलणे आणि धाकट्यावर हात न टाकणे, एवढे तीन नियमही पुरेसे आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. अशा घरातले थोरले मूल अकालीच प्रौढ होते. मुलगा असेल तर नातेवाईक त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, “आता घरातला कर्ता तूच.” मुलगी असेल तर कोणी काही न सांगताच ती चूल, पाणी आणि धाकटी भावंडे यांत गुरफटते. मुलाने घरकामास हातभार लावावा यात वावगे काही नाही. कामाने मूल जबाबदार बनते. परंतु हातभार निराळा आणि भार निराळा. आईने आपल्या कर्जाची, भाऊबंदकीची आणि एकटेपणाची सारी दुःखे आठ-दहा वर्षांच्या मुलापाशी बोलावीत आणि त्याने ती मुकाट्याने वाहावीत, असे घडू लागले की त्याचे बालपण संपते. असे मूल वर्गात गुणी दिसते. ते दंगा करीत नाही, काही मागत नाही, म्हणून शिक्षकाचे लक्षही त्याच्याकडे जात नाही. फार गुणी आणि फार गप्प मुलाची चौकशी दंगेखोर मुलाइतक्याच आस्थेने केली पाहिजे.

बापाने एकट्याने सांभाळलेल्या घरात आणखी एक अडचण असते. पुरुषाला स्वयंपाक शिकता येतो, वेणीही घालता येते. पण मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली म्हणजे तिच्या शरीरात होणाऱ्या बदलांविषयी तिच्याशी कोणी बोलावे, हा प्रश्न त्याला भेडसावतो. तो स्वतः बोलत नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगण्याचाही त्याला संकोच वाटतो. शाळेत शिक्षिका असल्यास तिने आणि नसल्यास गावातील आशा कार्यकर्तीने किंवा अंगणवाडी सेविकेने हे काम वेळेवर हाती घ्यावे. महिन्यातील तीन-चार दिवसांची गैरहजेरी ही पुढे कायमच्या गैरहजेरीची सुरुवात ठरू शकते.

अक्षरशत्रू, एकटी आणि कष्टकरी स्त्री मुलांवर काय संस्कार करणार, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. त्यांनी बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र आठवावे. त्यांची गाणी पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात, परंतु त्यांच्या संसाराकडे क्वचितच लक्ष वेधले जाते. 1880 साली जळगावजवळच्या असोदे गावी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी एक मुलगी आणि दोन मुलगे होते. काशी, ओंकार आणि सोपान ही त्यांची नावे. त्यांपैकी ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतातली कामे आणि घरातले जाते यांच्या संगतीने त्यांनी दिवस काढले व मुले वाढविली. धाकटा मुलगा पुढे सोपानदेव चौधरी या नावाने कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. आईच्या तोंडची गाणी कागदावर उतरून राहिली ती सोपानदेवांच्या आणि एका आप्ताच्या हातून. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले.

या चरित्रातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध मर्यादित आहे आणि तो तसाच घ्यावा. प्रत्येक विधवा मातेने बहिणाबाई व्हावे, अशी अपेक्षा करणे हा अन्याय होईल. बहिणाबाईंच्या अंगची प्रतिभा असामान्य होती, आणि शेत व घरदार यांचा आधारही त्यांना होता. आज कित्येक एकट्या स्त्रियांच्या नावे गुंठाभर जमीनही नसते. बोध इतकाच की, आईला अक्षर येत नाही आणि घरात बाप नाही, एवढ्यावरून त्या घराची किंमत करू नये. त्या घरातही भाषा असते, कामाचा उरक असतो, मुलाने शिकावे ही तळमळ असते. आईच्या तोंडच्या शब्दांचे मोल मुलाला कळले, म्हणूनच ती गाणी टिकली. आपल्या आईच्या बोलीची आणि कामाची मुलाला लाज वाटू नये, हे पाहणे शाळेच्या हाती आहे.

आता शाळेने प्रत्यक्ष काय करावे, ते पाहू.

प्रथम, वर्ष सुरू होताच प्रत्येक मुलाच्या घरी कोण कोण आहे याची माहिती वर्गशिक्षकाने करून घ्यावी. ही चौकशी वर्गात मुलाला उभे करून करू नये. जुने शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्याकडून ती सहज मिळते. शिक्षकाची बदली झाली तर ही माहिती नव्या शिक्षकाला तोंडी सांगूनच जुन्याने गाव सोडावे. तिचा बोभाटा मात्र होता कामा नये. ती चावडीवर बोलण्याची गोष्ट नव्हे.

दुसरे, बोलण्यातील सवय बदलावी. ‘वडिलांना घेऊन ये’ याऐवजी ‘घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये’ असे म्हटल्याने काहीही बिघडत नाही. ‘माझे बाबा’ हा निबंध देताना ‘किंवा मला आवडणारे घरातले मोठे माणूस’ एवढा पर्याय फळ्यावर लिहिला, तर वर्गातल्या दोन-तीन मुलांचा जीव भांड्यात पडतो. कोणी कोणास ‘बिनबापाचा’ म्हणून चिडविले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच वेळी, शांतपणे आणि ठामपणे ते थांबवावे.

तिसरे, पालकसभेची वेळ. दुपारी बाराला बोलावलेल्या सभेला येणे म्हणजे रोजंदारीवरच्या बाईला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. ती आली नाही म्हणून तिला आस्था नाही, असा निष्कर्ष काढला जातो. सभा सायंकाळी ठेवावी, अथवा बाजाराच्या दिवशी मजूर घरी असतात तेव्हा ठेवावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयाच्या असतात. त्या स्त्रियांत एखादी एकटी पालक अवश्य असावी.

चौथे, संक्रांतीच्या सुमारास पुष्कळ शाळांतून महिला पालकांचा मेळावा व हळदीकुंकू होते. हेतू चांगला असतो. पण त्या दिवशी विधवा आई एक तर घरी राहते, नाही तर मागच्या रांगेत बसते, आणि तिचे मूल दारात उभे राहून ते पाहते. शाळा ही सर्वांची संस्था आहे. तेथे वाण द्यावयाचे तर ते प्रत्येक आईला द्यावे, कुंकू लावावयाचे तर प्रत्येकीला विचारून लावावे, आणि हे होण्यासारखे नसेल तर मेळाव्याला दुसरे रूप द्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवांसंबंधीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एक ग्रामपंचायत जे करू शकते, ते शाळेला अवघड नाही.

पाचवे, कागदपत्रे. माहेरी परतलेली स्त्री लेकरांना घेऊन शाळेत येते, तेव्हा तिच्याजवळ दाखला नसतो आणि सासरची माणसे तो मिळू देत नाहीत. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून तो नाकारताही येत नाही. पालकत्वाविषयी असाच एक गैरसमज आहे. 1956 च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून पित्यानंतर मातेचे नाव आहे. परंतु बाप मुलाची जबाबदारी घेत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक म्हणून काम पाहू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये लावला. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचाही निर्णय झाला आहे. तेव्हा सही केवळ बापाचीच पाहिजे, असा हट्ट कचेरीत धरू नये.

सहावे, शासकीय साहाय्य. एक पालक गमावलेल्या गरजू मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले असून 2023 मध्ये मासिक अनुदान 1100 रुपयांवरून 2250 रुपये करण्यात आले. विधवा, परित्यक्ता व घटस्फोटित अशा निराधार स्त्रियांसाठी तहसील कार्यालयामार्फत संजय गांधी निराधार अनुदान योजना चालते. पुष्कळांना या योजनांची नावेच ठाऊक नसतात, आणि ज्यांना असतात त्यांचा अर्ज एखाद्या दाखल्यावाचून अडून राहतो. शिक्षकाने रक्कम मिळवून देण्याची हमी घेऊ नये. परंतु अर्ज वाचून दाखविणे, बोनाफाइड दाखला त्याच दिवशी देणे आणि कोणत्या कचेरीत जावे ते कागदावर लिहून देणे, एवढे त्याला सहज करता येते.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी लागते.

पहिली, दयेची. ‘बिचारा’ म्हणून ज्याला गृहपाठ माफ केला जातो, तो मागे पडतो, आणि आपण बिचारे आहोत हे त्यालाही पटू लागते. सवलत वेळेत द्यावी, अपेक्षेत देऊ नये. ज्या मुलाला घरी अभ्यासाला जागा नाही आणि वेळही नाही, त्याला शाळा सुटल्यावर वीस मिनिटे वर्गात बसून गृहपाठ पुरा करू द्यावा. पाढे मात्र त्यालाही सर्वांइतकेच आले पाहिजेत.

दुसरी, लोकापवादाची. एकट्या स्त्रीच्या उंबरठ्यावर गावाची नजर असते. शिक्षकाने सद्‌हेतूने दिलेल्या भेटीची किंमत तिला मोजावी लागू नये. गृहभेटीस जाताना शिक्षिकेला, अंगणवाडी सेविकेला किंवा समितीच्या एखाद्या स्त्री-सदस्याला बरोबर घ्यावे, भेट दिवसाउजेडी आणि ओटीवर बसून घ्यावी, आणि बोलणे मुलापुरतेच ठेवावे.

एक धोका स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. एकट्या आईला मुलगी मोठी होऊ लागली की भीती वाटते. ती कामावर जाते आणि मुलगी घरी एकटी असते. पाचवी किंवा सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी असते. भाऊबंद सांगतात, “स्थळ चालून आले आहे, उरकून टाक.” त्या आईला मुलीचे वाईट करावयाचे नसते, तिला मुलगी सुरक्षित हवी असते. अठरा वर्षांच्या आतील मुलीचा विवाह कायद्याने निषिद्ध आहे, ग्रामसेवकावर तो थांबविण्याची जबाबदारी आहे, आणि 1098 या क्रमांकावर मुलांसाठी साहाय्य मागता येते. हे सारे शिक्षकाला ठाऊक असावे. परंतु कायद्याचा धाक दाखविण्यापूर्वी मुलगी शाळेत कशी पोचेल, कोणाबरोबर जाईल, वसतिगृह कोठे आहे, या आईच्या खऱ्या प्रश्नांना उत्तर शोधावे. शेजारच्या चार मुली एकत्र जाऊ लागल्या तर कित्येकदा लग्नाची घाई आपोआप मागे पडते.

शिक्षकाने त्या मुलाचा बाप व्हावे, अशी अपेक्षा नाही. त्याची उद्या बदली होईल आणि मूल दुसऱ्यांदा पोरके होईल. त्याने चांगला शिक्षकच राहावे. ज्याचा शब्द रोज सारखा असतो, जो हाक मारताना नाव चुकत नाही, ज्याच्यापाशी खरे कारण सांगितले तर हसे होत नाही, असे एक मोठे माणूस घराबाहेर मिळाले, तरी अशा मुलाला पुष्कळ मिळाले असे समजावे.

प्रारंभी सांगितलेल्या गुरुजींनी तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि शेजारच्या मुलाला कारण विचारले, तर पुढची गोष्ट सोपी होते. शाळा सुटल्यावर अंगणवाडी सेविकेला घेऊन ते त्या घरी जातील. आई नुकतीच शेतातून आलेली असेल आणि घाबरून उभी राहील. गुरुजी तिला सांगतील की, तक्रार घेऊन आलो नाही, चूक माझी झाली. धाकट्याला अंगणवाडीत सोडून मुलगा परिपाठानंतर आला तरी चालेल आणि राहिलेला गृहपाठ तो शाळेतच पुरा करील, एवढे ठरेल. आतल्या बाजूस उभा असलेला मुलगा हे सारे ऐकेल. दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटे उशिरा येईल. गुरुजींनी त्याला बसण्याची खूण करावी आणि धडा पुढे चालू ठेवावा.